ताळेबंदापलीकडचा ताळा

पेशवाईतील महालांच्या कारभारात दरकदार नावाचा एक अधिकारीवर्ग असे. महालाचा मुख्य म्हणजे मामलतदार किंवा कमाविसदार. वसूल त्याच्या हाती आणि शिबंदी त्याच्या हुकमतीत असे. परंतु दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस इत्यादी दरकदार त्याच्या कचेरीत बसूनही त्याचे चाकर नसत. त्यांची नेमणूक हुजुरातून होई आणि त्यांना कामावरून दूर करण्याचा अधिकार मामलतदारास नसे. पत्रांवर दिवाणाची सही आणि हिशेबावर मुजुमदाराची मान्यता पडल्यावरच कागद पुढे जात. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली पेशव्यांच्या रोजनिशींच्या प्रस्तावनेत या व्यवस्थेचे मर्म दाखवून दिले आहे. त्याहीपूर्वी, शिवकाली, गडाचा कारभार हवालदार, सबनीस, कारखानीस अशा अधिकाऱ्यांत वाटून दिलेला असे. कोणा एकाच्या शब्दावर गड आणि गडावरचा दाणागोटा सोडावयाचा नाही, हा त्यामागील हेतू होता.

या जुन्या व्यवस्थेत राज्यकारभाराचे एक साधे शहाणपण साठविलेले आहे. तपासणाऱ्याचे पोट ज्याची तपासणी व्हावयाची त्याच्या हाती असू नये, हे ते शहाणपण होय. पेशवाई गेली, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील दरबारी दप्तरे अभिलेखागारात जाऊन पडली. परंतु दरकदाराचा प्रश्न संपलेला नाही. तो आज एका नव्याच क्षेत्रात उभा आहे.

मोठ्या कंपन्या आता वर्षअखेरीस केवळ ताळेबंद प्रसिद्ध करून थांबत नाहीत. किती कोळसा जाळला, किती पाणी उपसले, कोणती घाण नदीत सोडली, किती कामगार जखमी झाले, स्त्रियांना किती वेतन मिळाले, अशा गोष्टींचा एक स्वतंत्र अहवाल त्या काढतात. त्यास शाश्वतता अहवाल असे नाव रूढ झाले आहे. या अहवालाच्या शेवटच्या पानांत बहुधा एक दाखला जोडलेला असतो. अमुक संस्थेने स्वतंत्रपणे पडताळणी केली, असे त्यात म्हटलेले असते. सामान्य वाचक तो दाखला पाहतो आणि निश्चिंत होतो. तो निश्चिंतपणा कितपत सार्थ आहे, हे समजावयाचे तर हिशेबतपासणीच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

इंग्लंडात १८४४ च्या कायद्याने संयुक्त भांडवलाच्या कंपन्यांना हिशेबतपासनीस नेमणे भाग पाडले. पुढील वर्षी, म्हणजे १८४५ साली, रेल्वेसारख्या कंपन्यांना लागू होणारा जो कायदा झाला, त्यात तपासनीस हा कंपनीचा भागधारक असावा, मात्र तो तिचा अधिकारी असू नये, असे कलम होते. कल्पना अशी, की ज्याचा पैसा गुंतला आहे तो डोळ्यांत तेल घालून पाहील. ही कल्पना फार काळ टिकली नाही. ‘रेल्वेचा राजा’ म्हणून गाजलेला जॉर्ज हडसन १८४९ मध्ये कोसळला, तेव्हा नफा नसताना भांडवलातून लाभांश वाटल्याचे उघडकीस आले. भागधारक तपासनिसांजवळ आस्था होती, पण विद्या नव्हती. यावरून तपासणी अधिक कडक व्हावयास हवी होती, झाले उलटेच. १८५६ च्या कायद्याने सक्तीची तपासणी काढून टाकली. व्यापाराच्या खाजगी व्यवहारात सरकारने हात घालू नये, असा त्या काळचा मतप्रवाह होता.

त्याची किंमत १८७८ च्या ऑक्टोबरात चुकवावी लागली. ग्लासगो शहरातील एक मोठी बँक बुडाली. तिचे ताळेबंद कित्येक वर्षे खोटे होते. भागधारकांची जबाबदारी अमर्याद असल्याने शेकडो घरे देशोधडीस लागली आणि संचालक तुरुंगात गेले. मग १८७९ मध्ये मर्यादित जबाबदारीच्या बँकांना, आणि १९०० मध्ये सर्वच नोंदलेल्या कंपन्यांना, तपासणी सक्तीची झाली. आधी अनर्थ आणि मागाहून नियम, हा क्रम येथे प्रथम दिसतो. तो पुढेही सुटत नाही.

तपासनिसाने कोठवर खोल जावे, हा दुसरा प्रश्न. हल येथील किंग्स्टन कापड गिरणीच्या खटल्यात १८९६ साली त्याचा निवाडा झाला. गिरणीचा व्यवस्थापक कापूस आणि सूत यांचा साठा वर्षानुवर्षे फुगवून दाखवीत होता. तपासनिसांनी त्याच्याच सहीचा दाखला घेऊन तो आकडा ताळेबंदात जाऊ दिला. अपील न्यायालयाने तपासनिसांस दोषमुक्त केले. तपासनीस हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, ही न्यायमूर्ती लोप्स यांची उपमा तेव्हापासून हिशेबतपासणीच्या पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून आहे.

त्या उपमेच्या छायेत बेचाळीस वर्षे गेली. १९३८ च्या डिसेंबरात अमेरिकेतील मॅकेसन अँड रॉबिन्स या औषधविक्रीच्या प्रख्यात कंपनीचा भोपळा फुटला. तिच्या सुमारे ८ कोटी ७० लाख डॉलर्सच्या मालमत्तेपैकी सुमारे १ कोटी ९० लाखांची मालमत्ता अस्तित्वातच नव्हती. कॅनडातील ज्या वखारींत औषधी द्रव्ये भरल्याचे कागदोपत्री दिसत होते, त्या वखारीच नव्हत्या. तपासनिसांनी कागद तपासले होते. वखारीत पाऊल टाकले नव्हते, आणि त्या काळच्या प्रथेप्रमाणे टाकण्याचे कारणही नव्हते. १९३९ मध्ये अमेरिकन हिशेबतपासनिसांच्या संस्थेने नियम बदलला. मालाची मोजदाद होत असता तपासनिसाने समक्ष उपस्थित राहावे आणि येणे रकमांची खातरजमा परस्पर ऋणकोकडून करावी, असे ठरले. मराठी कारभारात ज्यास झाडती घेणे म्हणत, ती झाडती पाश्चात्त्य हिशेबतपासणीत अशा रीतीने रूढ झाली.

हिंदुस्थानात १९१३ च्या कंपनी कायद्याने तपासणी सक्तीची केली आणि १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट कायद्याने या व्यवसायास स्वतःची संस्था व शिस्त मिळाली. पैशाच्या हिशेबाची घडी अशी हळूहळू बसत गेली. तथापि कारखान्याच्या भोवती राहणाऱ्या माणसांशी, तेथल्या हवेशी आणि पाण्याशी कंपनी कशी वागते, याचा हिशेब मात्र कोणी मागत नव्हते.

या बाबतीत भारतात जो एक प्रयोग झाला तो आजही अभ्यसनीय आहे. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने १९७० मध्ये आपल्या नियमावलीत ग्राहक, कामगार, भागधारक, समाज आणि स्थानिक लोक यांच्याविषयीची कर्तव्ये लिहून घेतली. ही कर्तव्ये खरोखर पार पडली काय, हे पाहण्यासाठी जे. आर. डी. टाटा यांच्या कारकिर्दीत एक समिती नेमण्यात आली आणि तिने १९८० मध्ये अहवाल दिला. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश एस. पी. कोतवाल, राजकीय विचारवंत रजनी कोठारी आणि प्राध्यापक पुरुषोत्तम गणेश मावळंकर हे तिचे सदस्य होते. मावळंकर हे लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांचे चिरंजीव. बडोद्यात जन्मलेल्या आणि अहमदाबादेत नाव कमावलेल्या दादासाहेबांचे मराठी घराणे गुजरातेतील मराठी समाजास चांगले परिचित आहे. लोकसभेत निर्भीड अपक्ष म्हणून ख्याती मिळविलेला हा गृहस्थ पोलादाच्या कारखान्याच्या सामाजिक वर्तनाची तपासणी करावयास बसला, ही गोष्ट लक्षणीय होय.

या समितीची नेमणूक कंपनीनेच केली होती, आणि त्या अर्थाने ती हुजुरातून आलेली नव्हती. परंतु तिघांपैकी कोणाचाही चरितार्थ पुढील वर्षी कंपनीचे काम पुन्हा मिळण्यावर अवलंबून नव्हता. त्यांचे नाव कंपनीच्या कृपेने झालेले नव्हते आणि तिच्या अवकृपेने जाणार नव्हते. स्वतंत्रता म्हणतात ती बहुतांशी हीच. तिची मर्यादाही येथेच दिसते. जी कंपनी अशी समिती बोलाविते तिला लपविण्यासारखे थोडेच असते. जिला असते ती बोलावीत नाही.

याचे भयंकर प्रत्यंतर पाच वर्षांच्या आत आले. इंदूरहून भोपाळ दूर नाही. माळव्यातील कित्येक मराठी कुटुंबांना डिसेंबर १९८४ मधील त्या रात्रीची आठवण सांगावी लागत नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तत्पूर्वी, मे १९८२ मध्ये, मूळ अमेरिकन कंपनीच्या तज्ज्ञांनी या कारखान्याची सुरक्षा तपासणी केली होती. यंत्रसामग्रीतील बिघाड, चालविण्यातील चुका आणि देखभालीतील उणिवा यांमुळे विषारी द्रव्य बाहेर पडण्याचा संभव आहे, असे त्यांनी लिहून ठेवले होते. तपासणारे जाणते होते आणि त्यांना कारखान्याची दारे उघडी होती. पण त्यांचा अहवाल ज्यांच्या घरावरून तो वायू जावयाचा होता त्यांच्यासाठी नव्हता. तो कंपनीसाठी होता. उलट राजकुमार केसवानी हा भोपाळचा तरुण पत्रकार १९८२ मध्ये आपल्या ‘रपट’ साप्ताहिकातून आणि १९८४ मध्ये ‘जनसत्ता’तून शहरास धोक्याची सूचना देत होता. त्याच्यापाशी स्वातंत्र्य होते, अधिकार नव्हता. एकाच शहरात, एकाच कारखान्याविषयी, ज्यांना पाहता येत होते ते बोलत नव्हते आणि जो बोलत होता त्यास आत प्रवेश नव्हता.

सव्वाचार वर्षांनी, २४ मार्च १९८९ रोजी, अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन व्हाल्डीझ हे जहाज खडकावर चढले आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चे तेल समुद्रात गेले. त्याच वर्षी अमेरिकेतील काही गुंतवणूकदार आणि पर्यावरणवादी संस्था यांनी सेरेस नावाचा संघ स्थापून कंपन्यांसाठी आचारतत्त्वे जाहीर केली. त्यातूनच १९९७ मध्ये बोस्टन येथे ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह या उपक्रमाचा जन्म झाला आणि २००० साली त्याची पहिली मार्गदर्शक नियमावली निघाली. कंपनीने कोणत्या गोष्टी सांगाव्या याचा एक नमुना जगास मिळाला. सांगितलेले खरे कशावरून, हा प्रश्न पाठोपाठ आलाच.

त्याचे उत्तर देण्यास दोन पंथ पुढे आले. लंडनच्या अकाउंटॅबिलिटी या संस्थेने २००३ मध्ये एक मानक काढले. ज्यांच्यावर कंपनीच्या वागण्याचा परिणाम होतो त्यांचे प्रश्न अहवालात आले आहेत काय, यावर त्याचा भर होता. त्याच वर्षी हिशेबतपासनिसांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने आयसे ३००० हे मानक जाहीर केले. ते मुख्यतः पुरावा गोळा करण्याच्या रीतीविषयी आहे. पुढे २०१२ मध्ये कार्बन उत्सर्जनाच्या विवरणासाठी वेगळे मानक झाले.

या मानकांत खात्रीच्या दोन पायऱ्या आहेत. त्यांतील भेद वाचकाने नीट ध्यानात घेतला पाहिजे. पहिली ‘वाजवी खात्री’. कोठाराची झाडती घेणारा पोती मोजतो, काही फोडून पाहतो, काही वजन करून पाहतो, नोंद आणि माल यांचा मेळ घालतो आणि लिहितो की, हिशेब बरोबर आहे. दुसरी ‘मर्यादित खात्री’. तेथे तो कोठावळ्यास प्रश्न विचारतो, यंदाचे आकडे गतवर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहतो, ढोबळ विसंगती शोधतो आणि लिहितो की, हिशेब चुकीचा आहे असे वाटण्याजोगे काही माझ्या निदर्शनास आले नाही. दोन्ही वाक्ये सभ्य आहेत आणि दोन्ही खरी असू शकतात. पण त्यांच्यामागच्या श्रमांत मोठे अंतर आहे. जगातील बहुसंख्य शाश्वतता अहवालांना जो दाखला जोडलेला असतो तो दुसऱ्या प्रकारचा असतो. तोही पुष्कळदा सबंध अहवालाचा नसून त्यातील निवडक आकड्यांचा असतो.

याचे एक कारण खर्च, हे उघड आहे. परंतु दुसरे कारण विषयाच्या स्वरूपातच आहे. पैशाच्या हिशेबात प्रत्येक जमेला कोठेतरी नावे असते. एका वहीतील येणे दुसऱ्या वहीतील देणे असते. म्हणून तपासनीस दुसऱ्या दाराने जाऊन खात्री करू शकतो. धुराचे तसे नाही. त्याची पावती कोणी देत नाही. धुराड्यातून किती कार्बन डायऑक्साइड गेला हे बहुधा मोजले जात नाही. ते गणिताने काढले जाते. एक टन कार्बन पूर्ण जळाला म्हणजे सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणून कोळसा किती टन, त्यात कार्बन किती, हे कळले की उत्तर निघते. पण वजनकाटा बरोबर आहे काय, कोळशाचा नमुना कोणी व कोणत्या ढिगातून घेतला, गुणक कोणत्या वर्षाचा लावला, या प्रत्येक पायरीवर आकडा सरकू शकतो. गुणाकार तपासणे सोपे असते. काटा आणि नमुना तपासावयाचा तर कोळशाच्या आवारात उभे राहावे लागते.

त्याहून अवघड प्रश्न हद्दीचा. अपघातांची संख्या घटली असे अहवाल सांगतो. पण ठेकेदाराचे मजूर त्या संख्येत धरले आहेत काय? पाण्याचा वापर कमी झाला; पण पाणी पिणारा विभाग वेगळ्या कंपनीच्या नावे केला असेल तर? आकडा खरा असून चित्र खोटे असणे या क्षेत्रात सहज शक्य आहे. तपासनिसास केवळ दिलेला आकडा तपासावयास सांगितलेले असेल, तर न दिलेल्या आकड्याविषयी तो मौन पाळतो, आणि त्याचे मौन दाखल्याखाली झाकले जाते.

ब्रेंडन ओड्वायर आणि डेव्हिड ओवेन या अभ्यासकांनी २००५ मध्ये अशा दाखल्यांचे जे परीक्षण प्रसिद्ध केले, त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. पडताळणी कशाची, किती आणि कोणासाठी, हे सर्व प्रामुख्याने कंपनीचे व्यवस्थापनच ठरवीत होते. कामगार, शेजारी किंवा ग्राहक यांना उद्देशून दाखला लिहिण्याची प्रथा विरळ होती. मामलतदाराने दरकदारास बोलावून कोणती वही उघडावयाची तेही सांगावे, तसाच हा प्रकार म्हणावयाचा.

पुढील वर्षांतील घटनांनी ही टीका पोथीतली राहू दिली नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यास आग लागून २५० हून अधिक कामगार दगावले. कामगारांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र त्या कारखान्यास काही आठवड्यांपूर्वीच मिळाले होते. आग मुद्दाम लावण्यात आली असे न्यायालयाने २०२० मध्ये ठरविले. परंतु माणसे बाहेर पडू शकली नाहीत ती बंद दारांमुळे आणि गज लावलेल्या खिडक्यांमुळे. ही दारे आणि खिडक्या पाहण्यासाठीच तर तपासणी असते.

फोक्सवागेन कंपनीचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. सप्टेंबर २०१५ च्या पूर्वार्धात एका नामांकित शाश्वतता निर्देशांकाने तिला मोटार उद्योगात अग्रस्थान दिले. त्याच महिन्यात, सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत प्रदूषणाची परीक्षा चुकविणारी युक्ती बसविलेली होती, हे उघड झाले. पुढील महिन्यात तिचे नाव त्या निर्देशांकातून वगळण्यात आले. ही लबाडी ज्या परीक्षेमुळे उघडकीस आली ती कोणत्याही दाखल्याची परीक्षा नव्हती. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी धुराच्या नळीस मोजयंत्र जोडून गाडी लॉस एंजेलिस ते सिॲटल अशी खऱ्या रस्त्यावरून चालविली होती. प्रयोगशाळेतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा जुळेना, तेव्हा चौकशीस तोंड फुटले.

तिसरी घटना ब्राझीलमधील ब्रुमाडिन्यो येथील. २५ जानेवारी २०१९ रोजी वाले या खाणकंपनीचे, खनिजाचा गाळ साठविणारे धरण फुटले आणि २७० माणसे गाडली गेली. धरण स्थिर असल्याचा दाखला एका बाहेरच्या तपासनीस संस्थेने चारच महिन्यांपूर्वी दिला होता. अमेरिकेच्या रोखे आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये वाले कंपनीवर फिर्याद केली. धरणांच्या सुरक्षिततेविषयी कंपनीने गुंतवणूकदारांची दिशाभूल केली आणि तीत तिच्या शाश्वतता अहवालांतील विधानेही होती, असा आरोप होता. मार्च २०२३ मध्ये ५ कोटी ५९ लाख डॉलर्स भरण्याचे कबूल करून कंपनीने तडजोड केली. लोहखनिजाच्या खाणी ज्यांच्या शेताबांधाशी आहेत, त्या गोमंतकातील वाचकास या घटनेचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

यावरून कोणी असे म्हणेल की, पैशाच्या ऑडिटची कडक रीत येथे लावली म्हणजे झाले. तसे ते सोपे नाही. हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या हिशेबास वाजवी खात्रीचा दाखला वर्षानुवर्षे मिळत होता. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनीच पत्र लिहून कळविले की, ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वात नाही. त्याच्या काही महिने आधी याच कंपनीस उत्तम कारभाराबद्दल पारितोषिक मिळाले होते. ते मागाहून काढून घ्यावे लागले. अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०११ मध्ये दोष दाखविला तो असा की, बँकांकडून शिल्लकेची खातरजमा करून घेण्याचे काम तपासनिसांनी कंपनीच्याच हाती सोपविले होते. १९३९ मध्ये शिकलेला धडा सत्तर वर्षांनी विसरला गेला. मानक उत्तम असले तरी ते पाळणारा मनुष्य दाराशी थांबला तर उपयोग नाही.

भारतात या विषयास कायदेशीर रूप टप्प्याटप्प्याने आले. मुंबईतील सेबीने २०१२ मध्ये पहिल्या १०० नोंदित कंपन्यांना जबाबदारीचा अहवाल देणे भाग पाडले. २०२१ मध्ये त्याचा विस्तृत नमुना ठरविला आणि २०२२-२३ पासून तो पहिल्या १,००० कंपन्यांना बंधनकारक केला. जुलै २०२३ मध्ये त्यातील नऊ महत्त्वाच्या बाबी निवडून त्यांस वाजवी खात्रीचा दाखला हवा, असा नियम केला. प्रथम १५० कंपन्या आणि पुढे वर्षागणिक अधिक. पडताळणी करणाऱ्याने त्याच कंपनीस सल्लागारी किंवा अन्य सेवा विकू नये, ही अटही घातली. ज्या देशांनी मर्यादित खात्रीवर समाधान मानले त्यांच्यापुढे हे एक पाऊल होते. मात्र मार्च २०२५ च्या परिपत्रकाने, पडताळणीऐवजी ‘मूल्यमापन’ हा पर्यायही कंपन्यांना खुला करण्यात आला. युरोपातही असेच झाले. २०२२ च्या निर्देशाने मर्यादित खात्रीपासून सुरुवात करून पुढे वाजवी खात्रीपर्यंत जाण्याचा मार्ग आखला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेच तो पुढचा टप्पा गाळण्याचा प्रस्ताव मांडला. दुसऱ्या बाजूस आंतरराष्ट्रीय मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केवळ शाश्वततेच्या पडताळणीसाठी आयसा ५००० हे नवे मानक प्रसिद्ध केले. म्हणजे मानक घट्ट होत असता सक्ती सैल होते आहे. १८४४ आणि १८५६ या दोन सालांची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. कंपन्यांवरचा बोजा हलका करण्याची भाषा तेव्हाही होती आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. लहान कंपनीस खर्च जाचतो हे खरेच आहे. पण हलका केलेला बोजा नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर जातो, आणि ज्याच्या खांद्यावर जातो त्यास ते पुष्कळदा अनर्थानंतर कळते.

पडताळणीची एक तिसरीही रीत या देशाने दाखविली आहे. २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानातील कोट किराना या गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई भरविली. सरकारी कामांचे हजेरीपट गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचण्यात आले. कोणाच्या नावे मजुरी निघाली हे ऐकून त्याच माणसांनी सांगितले की, आपण कामावर नव्हतो किंवा मजुरी मिळाली नाही. तेथे कोणी पदवीधर तपासनीस नव्हता. पण ज्याच्याविषयी नोंद आहे तो समोर होता, आणि नोंदीचा खरेखोटेपणा त्याच्याइतका कोणास ठाऊक असणार? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेकरवी सामाजिक तपासणीचे कलम आले ते या अनुभवातून. कारखान्याच्या अहवालातील पाण्याचा आकडा नदीकाठच्या गावात आणि अपघातांचा आकडा ठेकेदाराच्या मजुरांत वाचून दाखविला, तर पडताळणीच्या कामात केवढी भर पडेल, याचा विचार मानके करणाऱ्यांनी अद्याप पुरेसा केलेला नाही.

या सर्व इतिहासातून दाखला पाहणाऱ्यास तीन कसोट्या मिळतात. पहिली नेमणुकीची: तपासणारास कोणी नेमले, कोण काढू शकतो, आणि त्याच घरचे दुसरे काम त्याच्याकडे आहे काय? दुसरी नजरेची: त्याने कागद पाहिले की कोळशाचे आवार, दार, धरण आणि माणसे पाहिली, सबंध अहवाल पाहिला की चार आकडे? तिसरी निवेदनाची: तो कोणास उद्देशून बोलतो आहे, आणि उणीव आढळली असती तर ती लोकांच्या कानावर आली असती काय? किंग्स्टन आणि मॅकेसन दुसऱ्या कसोटीस उतरले नाहीत. भोपाळची तपासणी दुसरीस उतरली, परंतु तिसरीस मुळीच उतरली नाही. जमशेदपूरची समिती तिन्हींच्या पुष्कळ जवळ गेली. पण तिला बोलाविणारी कंपनीच होती.

कारखाना चालू असेतोवर त्याच्याविषयीचे सत्य दोघांस ठाऊक असते. आत काम करणाऱ्यास आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्यास. अहवाल लिहिणारा आणि तो विकत घेणारा हे दोघे बहुधा दूर शहरात असतात. त्यांच्यामधला दुवा म्हणजे पडताळणी करणारा. त्याने दाखल्यावर सही करण्यापूर्वी त्या भिंतीपर्यंत चालत जावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. आणि तो गेला की नाही हे विचारण्याचा अधिकार, थोडे का होईना भाग घेतलेल्या किंवा त्या भिंतीलगत घर असलेल्या प्रत्येक नागरिकास आहे. दरकदार मामलतदाराचा चाकर नव्हता. तो राज्याचा होता. आजच्या तपासनिसाचे वेतन कंपनी देत असली, तरी त्याची सही लोकांच्या विश्वासावर चालते, आणि म्हणून तिचा जाबही लोकांनी विचारला पाहिजे.